झगडियाची ‘सेवा रूरल’ : प्रसूतिगृहापासून मोबाइलपर्यंत

स्मरणिकेत आपल्या मंडळाचा इतिहास छापायचा हा रिवाज आहे आणि तो या अंकात आहेच. त्याच्या जोडीला शेजारच्या एका संस्थेचीही हकीकत द्यावी असे ठरले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आले. भरूच जिल्ह्यातल्या झगडियाची ‘सेवा रूरल’. पूर्ण नाव सोसायटी फॉर एज्युकेशन, वेल्फेअर अँड अॅक्शन, रूरल. गावातले लोक मात्र ‘झगडियाचा दवाखाना’ एवढेच म्हणतात.

सुरतेतल्या आपल्या कतारगामपासून झगडिया सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. अंकलेश्वरपर्यंत महामार्ग, तिथून राजपिपळ्याच्या रस्त्याला वळायचे. पण आरोग्याच्या बाबतीत हे अंतर फार मोठे आहे. वस्तादेवडी रस्त्यावर 2017 साली किरण हॉस्पिटल सुरू झाले. हिऱ्यांच्या धंद्यात कमावणाऱ्यांनी आणि इतर दात्यांनी समस्त पाटीदार आरोग्य ट्रस्टमार्फत ते उभारले. हृदयाचा, मेंदूचा, मूत्रपिंडाचा डॉक्टर आज कतारगामच्या माणसाला रिक्षाच्या अंतरावर सापडतो. मध्यरात्री बाळाला धाप लागली तरी घरातल्या कोणाला नर्मदा किंवा करजण नदी ओलांडावी लागत नाही. हे सुख आपल्या अंगवळणी पडले आहे, म्हणून ते सुख आहे हे सहसा जाणवत नाही.

झगडियाच्या पूर्वेला निघा. नेत्रंग, देडियापाडा, सागबारा, आणि त्यापलीकडे लगेच आपला नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा आणि मोलगी. मधली राज्याची सीमा नकाशावर ठळक असली तरी डोंगरात ती कुठून जाते हे कळतही नाही. गुजरातेत ज्यांचे आडनाव वसावा, त्यांचेच सोयरे महाराष्ट्रात वसावे. देहवाली बोली दोन्हीकडे चालते. नंदुरबारची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोली, मढी, वालिया या भागात येतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यातल्या गरोदर बायका दोन राज्यांच्या दोन वह्यांत नोंदल्या जातात, आणि बऱ्याचदा एकाही वहीत नोंदल्या जात नाहीत. म्हणून झगडियाच्या कामाचा इतिहास हा मराठी माणसालाही आपला वाटायला हवा.

सुरुवात 1980 सालची. डॉ. अनिल देसाई शल्यचिकित्सक, डॉ. लता देसाई बालरोगतज्ज्ञ. दोघेही अमेरिकेत शिकून, काम करून परतलेले. विवेकानंद आणि गांधी ही त्यांची आणि त्यांच्या मित्रमंडळाची श्रद्धास्थाने. परतताना त्यांनी अहमदाबाद किंवा वडोदरा निवडले नाही. झगडियात कस्तुरबांच्या नावाने चालणारे एक लहानसे प्रसूतिगृह होते. ते हाती घेऊन त्यांनी काम सुरू केले, आणि तेच पुढे कस्तुरबा हॉस्पिटल झाले. शस्त्रक्रिया, बाळंतपण, बालरोग, डोळे. गरिबाला परवडेल एवढा खर्च, आणि ज्याला तोही परवडत नाही त्याच्यासाठी देणगीदार शोधायचे.

दवाखाना चालला, पण काही वर्षांतच एक गोष्ट ध्यानात आली. रोगी येतो तो फार उशिरा. अंगात रक्त नसलेली बाई दोन दिवस अडल्यानंतर बैलगाडीतून येते, आणि तोवर पोटातले मूल गेलेले असते. डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या दारात येईपर्यंतचा प्रवास त्याच्या हाती नसतो. मग संस्थेने गावात जायला सुरुवात केली. 1982 पासून आसपासच्या गावांत आरोग्याचे काम उभे राहिले. गावातल्याच बाया निवडल्या, सुईणींना शिकवले, घरोघरी फिरून गरोदर बायकांची आणि लहान मुलांची नोंद ठेवायला लागले. 1985 साली जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांना ससाकावा आरोग्य पुरस्कार दिला, त्यांत या संस्थेचे नाव होते. पाच वर्षांच्या, आडवळणाच्या एका संस्थेला हा मान मिळाला याचे कारण इमारत नव्हती. गावातल्या अशिक्षित बाईला आरोग्याचे काम शिकवता येते, हे तिथे दिसले होते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गुजरात सरकारने एक धाडस केले. झगडियाचे प्राथमिक आरोग्य केंद्रच संस्थेच्या हवाली केले. कर्मचारी, लसीकरण, कुटुंब नियोजन, अहवाल, सगळी जबाबदारी संस्थेची. सुमारे दशकभर ते केंद्र तिने चालवले आणि नंतर सरकारला परत दिले. हा काळ मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. स्वयंसेवी संस्था आपल्या अंगणात उत्तम काम करतात. सरकारी यंत्रणेत शिरून, तिचेच रजिस्टर, तिचेच पगारपत्रक, तिचीच औषधटंचाई सोसून काम करायची वेळ येते तेव्हा बहुतेक संस्था मागे हटतात. झगडियाच्या मंडळींनी ते सोसले. आशाबेनच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, हातात मोबाइल द्यायची वेळ पुढे आली, तेव्हा सरकारी केंद्रात काय अडते आणि कुठे अडते हे त्यांना आतून माहीत होते.

याच काळात आदिवासी तरुणांना फिटर, वायरमन अशी कामे शिकवणारे विवेकानंद ग्रामीण टेक्निकी केंद्रही सुरू झाले. झगडियाला मोठी औद्योगिक वसाहत आली, त्यामुळे शिकलेल्या पोरांना कामेही मिळाली. बायकांच्या बचत आणि गृहउद्योगाचे काम शारदा महिला विकास सोसायटीने पाहिले. हे लिहायचे कारण असे की आरोग्य एकट्याने सुधारत नाही, हे त्या मंडळींनी आधीच ओळखले होते. 2007 साली मॅकआर्थर फाउंडेशनने सर्जनशील आणि परिणामकारक संस्थांसाठीचा पुरस्कार सेवा रूरलला दिला.

आता मुख्य विषयाकडे येतो, आणि त्यासाठी थोडे गडचिरोलीला जावे लागेल.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गडचिरोलीतल्या 39 गावांत एक प्रयोग केला. नवजात बाळ घरी जन्मते, घरी आजारी पडते आणि घरीच मरते. मग त्याची देखभालही घरी व्हायला हवी, असा साधा विचार त्यामागे होता. गावातल्या आरोग्यदूत बाईला बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्या गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. त्यावर जगभर चर्चा झाली, शंकाही घेतल्या गेल्या. पण 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्ती आली आणि 2011 मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू झाला. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही जायचे.

कागदावर हे छान होते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. आशाच्या गावात वीस गरोदर बायका, पाच नुकत्याच बाळंत झालेल्या, काही कुपोषित मुले, शिवाय लसीकरणाची यादी, क्षयाचे रोगी. कोणाकडे आज जायचे हे तिने वहीतून हाताने शोधायचे. एखादीचे बाळंतपण माहेरी झाले तर तिला कळतही नाही. गेली, वजन केले, बाळ थंड लागले, दूध ओढत नाही असे दिसले, तरी पुढे काय? डॉक्टर वीस किलोमीटरवर. त्याला कळवायचे कसे, आणि कळवले तरी त्याने ऐकून काय करायचे याची ठरलेली पद्धत नाही. महिन्याच्या शेवटी तिने केलेल्या कामाचे पैसे निघायचे ते कागद जुळले तर. आशाला पगार नाही, कामागणिक मोबदला. कागद हरवला की मोबदला गेला.

2013 च्या सुमारास सेवा रूरलच्या डॉ. धीरेन मोदी, डॉ. पंकज शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडिया परिसरातल्या काही गावांत आशाबेनच्या हातात एक मोबाइल दिला. सॉफ्टवेअर गांधीनगरच्या अर्गुसॉफ्ट कंपनीने केले. कार्यक्रमाचे नाव ‘इमटेको’. दुर्गम भागातल्या आरोग्यासाठी मोबाइल वापरायच्या कल्पना तेव्हा खूप निघत होत्या. बहुतेक कल्पना अशा की फोनवर डॉक्टर दिसेल आणि काम होईल. इमटेकोने उलटा विचार केला. डॉक्टर दिसण्याआधी बाई योग्य दिवशी योग्य घरी पोचली पाहिजे, आणि तिने पाहिलेले डॉक्टरपर्यंत पोचले पाहिजे.

तो फोन काय करतो ते जरा जवळून सांगतो, कारण सगळे मर्म तिथेच आहे. सकाळी फोन उघडला की आजची कामे समोर येतात. अमुकच्या बाळाचा आज सातवा दिवस, तमुक बाईची चौथी तपासणी राहिली, फलाण्याच्या मुलाचा गोवराचा डोस बाकी. वही उलटायला नको. घरी गेले की फोन प्रश्न विचारतो आणि ती उत्तर दाबते. बाळाला झोळीत घालून वजन करायचे. अडीच किलोच्या खाली असेल तर कमी वजनाचे बाळ, त्याला जास्त भेटी. मग छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. हा एक मिनिट मोठा कठीण असतो. बाळ रडते, आजी बोलत असते, शेजारीण डोकावते, आणि घाईची बाई वीस सेकंद मोजून तीनने गुणते. साठच्या पुढे श्वास गेला की धोका. ती संख्या भरली आणि ती धोक्याची निघाली, की फोनच सांगतो : बाळाला आता दवाखान्यात पाठवा. त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सूचना जाते. तिथल्या डॉक्टरच्या संगणकावर नाव, गाव, काय आढळले हे दिसते. पाठवलेले बाळ आले की नाही, आले नाही तर का नाही, याचा पाठपुरावा करायचे काम तिथे आहे. आईला सांगायच्या गोष्टींच्या लहान चित्रफिती फोनमध्ये आहेत, गुजरातीत. आशा गुटगुटीत बाळाची चित्रफीत लावते, तेव्हा अंगठा देऊन सही करणारी सासूदेखील पुढे सरकून बघते. महिन्याचा मोबदलाही त्याच नोंदींवरून निघतो.

नेटवर्क डोंगरात जाते, हा पहिला आक्षेप सगळे घेतात. तो बरोबरच आहे. त्यामुळे नोंद फोनमध्ये साठते आणि सिग्नल मिळाला की पुढे जाते, अशी व्यवस्था करावी लागली. खरी अडचण मला वेगळीच वाटते. फोनने सांगितले की बाळाला पाठवा, आणि वाहन नाही, किंवा वाहन आहे पण दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ नाही, तर तो फोन आईच्या भीतीत फक्त भर घालतो. झगडियात हे जमले, कारण तिथे कस्तुरबा हॉस्पिटल तेहतीस वर्षे आधीपासून उभे होते. 2007 पासून 108 क्रमांकाची गाडीही होती. फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी होते. ज्या जिल्ह्यात ते नाही तिथे नुसता फोन वाटणे हा पैशाचा आणि विश्वासाचाही अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नुसती छाप पडते यावर समाधान न मानता या मंडळींनी कसोटी लावली. भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांच्या आदिवासी भागातली 22 प्राथमिक आरोग्य केंद्रे घेतली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांत इमटेको, निम्म्यांत नेहमीची पद्धत. 2016-17 मध्ये हे काम झाले आणि ऑक्टोबर 2019 मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात आशाच्या किमान दोन भेटी मिळालेल्या माता इमटेकोच्या भागात सुमारे 32 टक्के होत्या, दुसरीकडे सुमारे 23 टक्के. हा आकडा वाचून मी थोडा वेळ थांबलो. फरक निश्चित आहे आणि तो अपघाताने आलेला नाही. पण इतकी मेहनत घेऊनही तीनपैकी दोन आयांना त्या आठवड्यात दोन भेटी मिळाल्या नव्हत्या. संस्थेने हा आकडा जगापुढे ठेवला, याबद्दल तिला मनापासून दाद द्यावी वाटते. कारण बहुतेक यशोगाथा तिथेच थांबतात जिथे आकडा सोयीचा असतो. पुढे गुजरात सरकारने याच धर्तीवर ‘टेको प्लस’ नावाने ही पद्धत राज्यभर नेली.

दूरवैद्यकाची, म्हणजे लांबून वैद्यकीय सल्ला देण्याची, कहाणी झगडियात जन्मलेली नाही, हे सांगायलाच हवे. 1929 साली ऑस्ट्रेलियात आल्फ्रेड ट्रेगर या अभियंत्याने पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ केला आणि वाळवंटातल्या एकाकी वस्त्यांना ‘फ्लाइंग डॉक्टर’शी बोलता यायला लागले. अलास्कात बर्फातल्या आदिवासी गावांत त्या गावचीच बाई किंवा पुरुष आरोग्य सहायक म्हणून निवडून शिकवतात. ती व्यक्ती मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला आधी रेडिओवर, मग फोनवर, पुढे कानाच्या आतल्या पडद्याचे छायाचित्र पाठवून विचारते. भारतात 2000 साली अपोलोने आंध्रातल्या अरगोंडा गावात पहिले पाऊल टाकले, आणि 2001 पासून इस्रोने उपग्रहाच्या जोडीने जिल्हा रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडायला घेतली. महाराष्ट्रातही जिल्हा रुग्णालये मुंबईच्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयांशी जोडली गेली. त्या काळात छपरावरच्या तबकड्या पुष्कळ आल्या आणि पुष्कळ ठिकाणी काही महिन्यांत धूळ खाऊ लागल्या. तंत्रज्ञान चांगले होते. ज्या डॉक्टरने दुपारी चारला पडद्यासमोर बसायचे त्याचा तो वेळ त्याच्या कामाच्या वेळापत्रकात धरलेला नव्हता, आणि ज्या परिचारिकेने रोग्याला बसवायचे ती बदलून गेली होती.

डॉक्टरांच्या मनातली भीतीही होती. 2018 साली रत्नागिरीतल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर फोनवरून औषध सांगावे की नाही, याची धास्ती राज्यभर पसरली. 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टर कोणत्या माध्यमातून सल्ला देऊ शकतो, कोणती औषधे देता येतात, कोणती कधीच नाही, रोग्याच्या जवळ बसलेला आरोग्य सेवक काय करू शकतो, हे त्यात स्पष्ट झाले. मनावर परिणाम करणारी विशिष्ट औषधे फोनवर लिहून देता येत नाहीत. केंद्राची ‘ई-संजीवनी’ आधीच तयार होत होती. 2019 अखेरीस उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी आणि वरच्या रुग्णालयातला डॉक्टर यांना जोडणारी सेवा सुरू झाली, आणि एप्रिल 2020 मध्ये थेट घरातून सल्ला घेण्याची. मोहालीच्या सी-डॅकने ती घडवली. फेब्रुवारी 2023 पर्यंत त्यावर दहा कोटी सल्ले झाल्याचे सरकारने सांगितले.

दहा कोटी हा आकडा डोळे दिपवणारा आहे. माझा त्यावर भरवसा आहे आणि एक प्रश्नही. कतारगामच्या सुशिक्षित माणसाने खोकल्यासाठी सल्ला घेतला तोही एक, आणि सागबाऱ्याच्या बाईने रक्तक्षयासाठी घेतला तोही एक. दूरवैद्यकाचे यश कोणाचे अंतर कमी झाले यावर मोजले पाहिजे. देशात 2011 च्या जनगणनेनुसार आदिवासी साडेदहा कोटींच्या आसपास, लोकसंख्येच्या 8.6 टक्के. गुजरातेत त्यांचे प्रमाण 15 टक्क्यांच्या जवळ. डोंगराळ भागात दर तीन हजार लोकांमागे उपकेंद्र आणि वीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे. मैदानात हेच आकडे पाच हजार आणि तीस हजार. नियमात सवलत दिली, तरी डॉक्टर जायला तयार होईलच असे नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीने 2018 मध्ये आपला अहवाल दिला, त्यात हीच पोकळी ठळकपणे मांडली आहे.

या सगळ्यात दूरवैद्यक जिथे मनापासून उपयोगी पडू शकते ते एक क्षेत्र सिकलसेल आहे. हा रक्ताचा आजार भिल्ल, वसावा, गामित, चौधरी अशा दक्षिण गुजरातच्या आणि सातपुड्याच्या समाजांत बराच आढळतो. त्याच्या निदानाची सुरुवात साध्या चाचणीने होते आणि खात्री विद्युत-पृथक्करणाने. गुजरातेत यावरचा राज्य कार्यक्रम बऱ्याच वर्षांचा, आणि 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेल असलेली गरोदर बाई ही अत्यंत जोखमीची, आणि कस्तुरबा हॉस्पिटलमधल्या अशा बाळंतपणांचा अभ्यास तिथल्याच डॉक्टरांनी शोधनिबंधातून प्रसिद्ध केला आहे. ज्याला हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे, त्याला दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी लागते, मात्रा कमीजास्त करावी लागते, आणि दुखणे उमळले की कोणीतरी लगेच सांगणारे हवे. रक्त गावात घ्यावे, तपासणी जवळ व्हावी आणि सल्ला फोनवर यावा, ही या रोग्याची गरज. महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडवून बसने शंभर किलोमीटर जायचे, यापेक्षा हे हजारपट बरे.

पण काही गोष्टी फोनवर कधीच होणार नाहीत. रक्ताची बाटली फोनमधून येत नाही. अडलेल्या बाईचे पोट भुलीच्या डॉक्टरशिवाय उघडता येत नाही. नर्मदेच्या फुगवट्यातल्या नंदुरबारच्या वस्त्यांना तरंगता दवाखाना लागतो, तो तिथे चालतोही, कारण होडीच त्यांचा रस्ता आहे. आणि भाषा. देहवाली बोलणाऱ्या आईने सांगितलेला त्रास डॉक्टरला गुजरातीत किंवा मराठीत समजावून सांगायला मध्ये आशाच लागते. तीच खरा दुवा आहे. तिच्या मोबदल्यात वाढ झाली नाही, तिचा फोन बिघडला तर महिनाभर दुरुस्तीला पडून राहिला, तर पुढची सगळी साखळी तिथेच तुटते. फोनमध्ये भरलेली बाईची माहिती नवऱ्याला, सरपंचाला, दुकानदाराला दिसणार नाही याची काळजीही आपणच घ्यायची आहे. गर्भपात, गुप्तरोग, मानसिक आजार यांची नोंद एकदा फुटली तर ती बाई पुन्हा कोणाला काही सांगणार नाही.

सेवा रूरलच्या चाळीसेक वर्षांकडे पाहताना मला एक क्रम दिसतो. आधी दवाखाना, मग गावातली बाई, मग सरकारी केंद्राशी नाते, आणि त्यानंतरच फोन. उलट क्रमाने निघालेल्या योजना फार काळ चाललेल्या मला माहीत नाहीत. फोन नव्हता तेव्हाही झगडियाच्या गावांत जीव वाचत होते, नुसत्या फोनने मात्र वाचले नसते.

आता आपल्याकडे. सुरतेत मराठी डॉक्टर आहेत, त्यांतले पुष्कळ खानदेशातून आलेले. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांचे बालपण गेले, आणि ज्यांना देहवाली, अहिराणी, मावची कानावर पडलेली आहे, अशांची संख्या लहान नाही. सिकलसेलचा, बालरोगाचा, त्वचेचा, मानसिक आरोग्याचा अशा कोणत्याही विषयाचा तज्ज्ञ ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, महिन्यातून एक-दोन दुपारी बसला, तर त्या आदिवासी पट्ट्यातल्या आरोग्य केंद्राला त्याचा मोठा आधार होईल. ठरलेली वेळ पाळणे हीच यातली मुख्य अट. आज मोठ्या उत्साहाने सुरू करून दोन महिन्यांनी बंद केलेले फोन आदिवासी माणूस विसरत नाही. आणि सॉफ्टवेअरचे काम करणारी आपली तरुण मंडळी पुढे आली, तर त्यांनी आधी झगडियाला एक दिवस जाऊन आशाबेनसोबत चालत फिरावे, मगच संगणक उघडावा.

झगडियाला जायचे तर अंकलेश्वरहून बस सुटते. ज्यांना जमेल त्यांनी जावे, दवाखाना पाहावा आणि तिथल्या माणसांना विचारावे की तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे.